गॅरेजमधली पंगत

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळात वसुधाकाकू करंदीकरांबद्दल एक गोष्ट नव्या माणसाला हमखास सांगितली जाते, ती म्हणजे बाई स्वयंपाक करताना चाखत नाहीत. मुळीच नाही. गणपतीतला दीडशे माणसांचा मसालेभात असो की घरची वाटीभर आमटी, चमचा ओठाला लावायचा नाही. देवाला दाखवायच्या आधी आपण उष्टं करायचं नसतं, असं सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं. काकूंनी ते असं काही मनावर घेतलं, की देव राहिला बाजूला आणि न चाखणं हाच मुख्य धर्म होऊन बसला. बरं, मीठ कधी चुकावं? नाव नको. नोकरी औषधांच्या कंपनीत, दिवसभर मिलिग्रॅममध्ये वजनं करायची. पण घरी आल्यावर मीठ चिमटीने, तेही दुसरीकडे बघत, कुणाशी तरी बोलत. एखादी नवी मुलगी कौतुकाने विचारायची, "काकू, कसं कळतं हो तुम्हाला?" त्यावर काकू म्हणायच्या, "वासावर कळतं," आणि असा चेहरा करायच्या की पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती.

त्यांची दुसरी सवय मात्र कुणी कौतुकाने सांगत नाही. काकू वाढता वाढता प्रश्न विचारतात. एक पोळी, एक प्रश्न. नोकरी कशी चाललीय, व्हिसाचं काय झालं, वजन का उतरलंय, घरात बोलता का एकमेकांशी? पोट भरेपर्यंत माणसाची पुरती झडती झालेली असते. त्यांचे यजमान अनिलराव होते तोवर ते मध्येच "अगं, जेवू दे त्याला" म्हणायचे. ते गेल्याला आता पाच वर्षं झाली, आणि तेव्हापासून काकूंना अडवायला कुणी उरलं नाही.

तर अशा या काकूंचा एकुलता एक मुलगा, वेदांत, गेल्या सप्टेंबरात दोन सुटकेस आणि एक गिटार घेऊन घरी परत आला. वय तेहतीस. लग्न मोडलं होतं. बायको, यामिनी, नोकरीसाठी तिकडे टेक्सासात प्लेनोला गेली ती तिकडचीच झाली. त्यात भांडण काय झालं, कुणाचं चुकलं, हे काकूंना आजतागायत कळलेलं नाही, आणि न कळलेली गोष्ट ही काकूंच्या पोटात राहूच शकत नाही. वेदांत वरच्या खोलीत दार लावून कंपनीचं काम करायचा. संध्याकाळी खाली यायचा, "हाय आई" म्हणायचा, आणि सरळ गॅरेजमध्ये जायचा.

गॅरेजमध्ये काय? तर तिथं काकूंची दुसरी शेगडी. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत असते तशीच. एका दिवाळीत चकल्या तळताना धुराचा अलार्म वाजला आणि अग्निशमन दलाची भली मोठी गाडी दारात येऊन उभी राहिली. ते चार जवान जाताना डबाभर चकल्या घेऊन गेले, पण अनिलरावांनी दुसऱ्या दिवशी तळणाची शेगडी गॅरेजमध्ये हलवली. त्याच शेगडीवर आता वेदांत रोज काहीतरी शिजवायचा आणि डीप फ्रीझरच्या झाकणावर ताटली ठेवून उभ्या उभ्या खायचा. एका बाजूला गवत कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला गणपतीचं मखर, आणि मध्ये हा. जानेवारीची थंडी, तोंडातून वाफा निघतायत, आणि मुलगा जॅकेट घालून जेवतोय! काकू दाराच्या फटीतून बघायच्या आणि त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तो काय शिजवतो, तेही त्यांना ठाऊक होतं. बीफ. पातळ काप करायचे, आलं-लसूण, कसलं तरी काळं सॉस, साखर, आणि चर्रर्र आवाज. वर तीळ आणि कांद्याची पात. भाताबरोबर खायचं. आणि इथंच काकूंच्या काळजात सुरी फिरायची. कारण वेदांत सोळा वर्षांचा असताना एकदा बर्गर घेऊन घरात आला होता, तेव्हा त्यांनी दारातच त्याला अडवून सांगितलं होतं, "हे या घरात येणार नाही. खायचंच असेल तर बाहेर." पोरगं गुणी. तेव्हापासून बाहेरच खातंय! आता गॅरेज हे घराबाहेर की घरात, यावर वाद घालता येईल, पण त्याने आपल्या परीने आईचा शब्द पाळला होता. आणि त्या शब्दापायी आपला मुलगा थंडीत कुडकुडत एकटा जेवतो, हे काकूंना सहन होईना. अनिलराव गेल्यापासून त्या एकट्याच जेवत होत्या. मुलगा घरी आला, तरी एकट्याच. त्यांना दुसरं काही नको होतं. त्याने आत यावं, समोर बसावं आणि जेवावं.

त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. भरली वांगी झाली, साबुदाण्याची खिचडी झाली, पुरणपोळी झाली. वेदांत टेबलाशी यायचा, दोन घास खायचा, काकू पोळी वाढायच्या, "झोप लागते का रे?" म्हणायच्या, आणि तो "आय ॲम गुड, आई" म्हणून उठायचा. थोड्याच वेळात गॅरेजमधून चर्रर्र.

शेवटी एका शुक्रवारी काकूंनी ठरवलं. बीफ तर बीफ. आपण करायचं, आपल्या हाताने करायचं, आणि त्याला टेबलावर आणून बसवायचं. त्यांच्या घरातले देव पँट्रीत होते, डाळींच्या डब्यांच्या वरच्या फळीवर. काकूंनी त्यांच्यापुढे उभं राहून स्पष्ट सांगितलं, "मी खात नाहीये. करतेय फक्त. पोरासाठी." आणि पँट्रीचं दार घट्ट लावून घेतलं.

आता ते आणायचं कुठून? जवळच्या दुकानात जायची सोय नव्हती. तिथं भाज्यांपाशी निम्मं मंडळ भेटतं. काकू हायवेने दोन गावं ओलांडून एका अनोळखी दुकानात गेल्या. दुकानातल्या ढकलगाडीत कोथिंबिरीच्या तीन जुड्या टाकल्या, वेळ आली तर वरून झाकायला. मांसाच्या काउंटरपाशी पोचल्या, मान खाली घालून उभ्या राहिल्या, आणि शेजारून आवाज आला, "वहिनी?"

श्रीराम नवाथे! मंडळाचे माजी अध्यक्ष. सात्त्विक आहारावर दरवर्षी व्याख्यान देणारे. त्यांच्या हातात पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, चांगलं दोन वितींचं पुडकं होतं.

"कुत्र्यासाठी," श्रीरामभाऊ म्हणाले.

"हो का?" काकू म्हणाल्या. "आमच्याकडेही कुत्र्यासाठीच."

नवाथ्यांच्या घरी कुत्रा नव्हता. त्यांच्या पत्नी गिरिजावहिनी तर कुत्र्याचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा भिंतीवर लावू देत नसत. पण काकूंकडे तरी कुठं कुत्रा होता? त्यामुळे चौकशी करायला दोघांनाही तोंड नव्हतं. मग श्रीरामभाऊंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुमच्या कुत्र्याला कसं आवडतं?"

"पातळ काप करून. आलं-लसूण लावून. गोडसर."

"अस्सं! मग हे फ्लँक घ्या, पोटाकडचं मांस. घरी गेल्यावर थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झालं की काप पातळ निघतात. आणि धाग्यांना आडवं कापायचं हं, वहिनी, उभं कापलंत तर चिवट होतं, चावत बसावं लागतं." मग एकदम भानावर येऊन ते म्हणाले, "म्हणजे कुत्र्याला."

"बिचारं," काकू म्हणाल्या. कोथिंबिरीच्या तिन्ही जुड्यांखाली दोन पौंड फ्लँक घेऊन त्या बाहेर पडल्या, आणि गाडीत बसल्यावर त्यांना इतकं हसू आलं की चावी लावायला हात स्थिर राहीना.

घरी येऊन त्यांनी गॅरेजमधल्या शेगडीपाशी जय्यत तयारी केली. मंडळाचा एप्रन होता, पण त्यावर बाप्पा छापलेले. तो उलटा करून घातला. हातमोजे म्हणून केसांच्या डायच्या पाकिटातले मोजे चढवले. टॅब्लेट तांदळाच्या पोत्याला टेकवून ठेवला आणि त्यावर एक सोनेरी केसांची हसरी बाई लावली. वीस मिनिटांत आशियाई पद्धतीचं चकचकीत बीफ, असं ती छाती ठोकून सांगत होती. काकूंना पहिला काप करायलाच तेवढा वेळ लागला. डोळे मिटून सुरी चालवता येत नाही, आणि उघडे ठेवून बघवत नाही. शेवटी त्या स्वतःला म्हणाल्या, वसुधा, प्रयोगशाळेत काय काय कापलंयस, आठव. मग हात चालू लागला. आडवं, पातळ, श्रीरामभाऊंनी सांगितलं तस्सं.

कापांना कॉर्नस्टार्च, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर, चोळलं. तेल तापवलं. आलं-लसूण पडलं तशी काकूंना हिंमत आली, हा वास तर घरचा! ती हसरी बाई ब्राउन शुगर घालत होती, काकूंनी कोल्हापुरी गूळ किसून घातला. वेदांतची काळ्या सॉसची बाटली फळीवर होती. आता हे सोया सॉस जगाला माहीत असेल, पण काकूंच्या घरात ते कधी शिरलं नव्हतं. अनिलरावांना त्या वासाने मळमळायचं, त्यामुळे चायनीज म्हणून जे काही असतं ते या घराने पाहिलं नव्हतं. काकूंनी बाटली हुंगली. आंबूस, गोडूस काहीतरी होतं. बाईने अर्धी वाटी ओतलं, काकूंनीही ओतलं. पाक उकळू लागला, दाटू लागला, कापांवर चकाकी चढली. ग्लेझ, ग्लेझ म्हणून इतकं काय ते, हा तर गुळाचा पाक! चिक्कीला करतो त्याहून थोडा सैल. काकूंनी बरोबर वेळेला आच कमी केली.

आणि मग त्या थबकल्या. ती बाई तीळ भुरभुरवून मोकळी झाली होती, आणि मीठ? काकूंनी व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. मीठ नाहीच! "घ्या," काकू म्हणाल्या, "एवढा नट्टापट्टा करून बसलीय आणि मीठ विसरली." त्यांना त्या बाईची कीव आली. दोन पौंडांना शोभेल इतकं मीठ त्यांनी मुठीत घेतलं, सवयीने दुसरीकडे बघत टाकलं, आणि वाकून वास घेतला. वास झकास होता. मिठाला वास नसतो, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगायला गेलं नव्हतं.

संध्याकाळी वेदांत खाली आला, "हाय आई" म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. गॅरेजमधून वास येत होता. दार ढकलून बघतो तर आई, उलटा एप्रन, काळे मोजे, हातात झारा.

"आई! इज दॅट बीफ?"

"तुझंच आहे. फ्लँक. धाग्याला आडवं कापलंय," काकू म्हणाल्या. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

वेदांतने भात घेतला, त्यावर चार-पाच काप घेतले आणि फ्रीझरच्या झाकणापाशी उभं राहून पहिला घास तोंडात घातला. काकू त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. त्याच्या भुवया वर गेल्या. डोळ्यांत पाणी तरळलं.

"कसं झालंय?"

"मस्त," तो म्हणाला, आणि पाण्याची बाटली उचलली.

दुसरा घास, पुन्हा पाणी. तिसरा घास, पुन्हा पाणी. काकूंना भरून आलं, पोराचा कंठ दाटलाय असं वाटून. त्याने पहिली बाटली संपवली, दुसरी फोडली, कपाळावरचा घाम पुसला आणि चौथा घास घेतला. जानेवारीत घाम? तिसऱ्या बाटलीला हात घातल्यावर मात्र काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला.

"वेदांत. खारट झालंय का?"

"नो, नो. थोडंसं."

"खरं सांग."

"आई," तो म्हणाला, "तू मीठ घातलंस? सोया सॉसमध्ये मीठ असतं. म्हणजे, इट्स बेसिकली मीठ."

काकूंच्या हातातला झारा खाली आला. त्या काळ्या बाटलीकडे बघत राहिल्या. अख्ख्या कॅरीत गाजलेलं त्यांचं मीठ, आणि त्यांच्याच पोटच्या पोराच्या जिभेवर त्याचा हा असा निकाल लागावा! "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मग तू खात काय सुटलायस मुकाट्याने? मरायचंय का?"

आणि वेदांत हसला. सप्टेंबरापासून पहिल्यांदा. आधी नुसता खांदे हलवत, मग फ्रीझरवर हात टेकून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकूंनाही हसू आवरेना. त्यांनी त्याला श्रीरामभाऊंची आणि त्यांच्या कुत्र्याची हकिकत सांगितली, तेव्हा तो खालीच बसला. मग काकू आत धावल्या, सायीचं दही आणि बिनमिठाचा भात घेऊन आल्या, आणि खारट काप दहीभाताबरोबर लावून खायचा, असं एक जेवण जगात पहिल्यांदा त्या गॅरेजमध्ये तयार झालं. वेदांत म्हणाला, "ॲक्च्युअली, नॉट बॅड."

काकूंना वाटलं, जिंकलं. त्या म्हणाल्या, "आता आत चल. टेबलावर पान मांडलंय. हे सगळं आत आण, माझी काही हरकत नाही. यापुढे तुझं तू कर, नाहीतर मी करीन, पण जेवायचं आत."

त्याचं हसू ओसरलं. "इथंच ठीक आहे, आई."

एवढं करून? देवांना पँट्रीत कोंडलं, श्रीरामभाऊंपुढे खोटं बोलले, या हातांनी ते कापलं, आणि तरी नाही? "अरे, पण आता कसली अडचण आहे?" काकू जवळजवळ ओरडल्याच. "ते बाहेर ठेव म्हटलं होतं मी, चुकलं माझं. आता तेही आण म्हणतेय. अजून काय करू मी?"

"आई, बीफचा काही संबंध नाहीये." तो ताटलीकडे बघत बोलत होता, शब्द शोधत, अर्धं मराठीत, अर्धं त्याच्या इंग्रजीत. "टेबलावर बसलं की तू विचारतेस. कसा आहेस, झोप लागते का, यामिनीचा फोन आला का, पुढं काय. रोज विचारतेस. माझ्याकडे उत्तर नाहीये, आई. आय डोन्ट नो कसा आहे मी. इथं कुणी विचारत नाही. म्हणून मी इथं जेवतो."

तेवढ्यातही काकूंच्या जिभेवर तीन प्रश्न येऊन उभे राहिले होते. का रे असं म्हणतोस, आधी का नाही सांगितलंस, यामिनीचा फोन खरंच आला होता का. बीफ कापताना झाला नव्हता एवढा त्रास त्यांना ते तीन प्रश्न गिळताना झाला. कोपऱ्यात रंगाचा रिकामा डबा होता, तो त्यांनी ओढला, पालथा घातला आणि त्यावर बसल्या. दहीभाताचा वाडगा मांडीवर घेतला आणि जेवू लागल्या. वेदांतनेही एक खोकं ओढलं. दोघं जेवत राहिले. चमच्यांचा तेवढा आवाज. काकूंना आपण किती वेळ गप्प आहोत याचंच नवल वाटत होतं, आणि मुलगा समोर बसून पोटभर जेवत होता.

चमचा खाली ठेवून वेदांत म्हणाला, "आणि तू?"

"मी काय?"

"तू कशी आहेस? बाबा गेल्यापासून. मी कधी विचारलंच नाही."

"मला काय झालंय," असं म्हणायला काकूंनी तोंड उघडलं. रोज दहा जणांना विचारायचा तो प्रश्न, आणि पाच वर्षांत तो त्यांना कुणी विचारला नव्हता. त्या उत्तर शोधू लागल्या. बरी आहे म्हणावं तर खोटं. वाईट आहे म्हणावं तर पोराला आणखी ओझं. एकटीने टेबलाशी बसायचं, समोरच्या खुर्चीकडे बघायचं नाही म्हणून ताटात बघायचं, हे कुठल्या शब्दांत सांगतात? त्यांचे डोळे भरून आले, आणि आपण पोराला रोज कशाला सामोरं जायला लावत होतो, ते त्यांना त्या पालथ्या डब्यावर बसल्या बसल्या लख्ख कळलं.

"थंडी वाजतेय रे मला," त्या शेवटी म्हणाल्या. तेवढंच त्यांना खरं सांगता येण्यासारखं होतं.

वेदांतने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो उठला, अंगातलं जॅकेट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि त्यांना हात देऊन उठवलं. कोपराने आतलं दार ढकललं. "चल आत," तो म्हणाला.

काकू दोन पावलं गेल्या आणि वळल्या. त्याची ताटली फ्रीझरवरच राहिली होती.

"ती घेऊन ये," काकू दार धरून म्हणाल्या, "निवतंय."